थंडी कधी थांबवावी : घरगुती बिअर आणि तापमान-नियंत्रकाचा इतिहास

बिअर तयार होताना उष्णतेचा प्रश्न दोनदा उभा राहतो. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे तासभर मुरवली जाते, तेव्हा धान्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. पुढे हा गोड काढा, ज्याला या व्यवसायात वॉर्ट म्हणतात, हॉप्स घालून उकळला आणि थंड केला की त्यात यीस्ट मिसळले जाते, आणि तेथून सुरू होणारे किण्वन काही दिवस ते काही आठवडे चालते. पहिल्या टप्प्यात तापमान तासभर सांभाळायचे असते, दुसऱ्यात अहोरात्र. यीस्ट सजीव असल्यामुळे ते थंडीत मंदावते आणि उष्णतेत अनावर होते, ही गोष्ट घरी विरजण लावणाऱ्या कोणालाही परिचयाची आहे. बिअरच्या बाबतीत मात्र चुकीची किंमत चवीत मोजावी लागते. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारणपणे १८ ते २२ अंशांवर आणि लागर प्रकारचे ८ ते १३ अंशांवर चांगले काम करते. तापमान त्याहून वर गेले तर फ्यूजेल नावाची जड, घशाला चरचरणारी अल्कोहोल आणि पिकल्या केळ्याचा वास देणारी एस्टर संयुगे प्रमाणाबाहेर तयार होतात; उलट किण्वन पुरते संपण्याआधी बिअर गार केली तर लोण्यासारख्या वासाचे डायअ‍ॅसिटिल तिच्यात राहून जाते.

यात भर अशी की किण्वन स्वतःच उष्णता निर्माण करते. एक किलो साखरेच्या किण्वनातून सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हौशी माणूस एका वेळी साधारणपणे २० लिटर बिअर करतो आणि तेवढ्या मध्यम ताकदीच्या बिअरमध्ये यीस्ट दीड किलोच्या आसपास साखर खाते. आणि २० लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ८४ किलोज्यूल पुरतात. म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसती, तर बिअर आपल्या आपण १० अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भांड्याच्या भिंतीतून हवेत निघून जाते, तरी किण्वन जोमात असलेल्या दिवसांत बिअर भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम असते, आणि म्हणूनच खोलीतील तापमापक बिअरच्या तापमानाविषयी भरवशाचे काही सांगू शकत नाही. या साध्या हिशेबात घरगुती बिअरच्या तापमान-नियंत्रकाचा सारा इतिहास सामावलेला आहे. थंडी निर्माण करणे हे एक कौशल्य आहे आणि ती नेमकी केव्हा थांबवायची हे ठरवणे हे त्याहून वेगळे, अधिक अवघड कौशल्य आहे. पहिले विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेफ्रिजरेटरच्या रूपाने घरोघरी पोहोचले, दुसरे मात्र कारखान्याच्या आवारातून बाहेर पडायला आणखी काही दशके लागली, आणि ते बाहेर आणण्याचे काम बऱ्याच अंशी हौशी लोकांनी केले.

यंत्रे नव्हती तेव्हा ऋतू हाच नियंत्रक होता. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या दिवसापासून २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या दिवसापर्यंत बिअर गाळण्यास मनाई केली, कारण उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास बिघडत असे. मोजमापाची सवय या व्यवसायात आली ती अठराव्या शतकाच्या मध्यास, लंडनमध्ये. मायकेल कोम्ब्रून या ब्रुअरने १७५८ मध्ये आणि पुढे १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तापमापकाच्या आधाराने बिअर करण्याची पद्धत मांडली, आणि ज्या धंद्यात वाफेच्या धुरकटपणावरून किंवा हाताच्या स्पर्शावरून पाण्याची उष्णता ठरवली जात होती त्यात अंशांची भाषा रुजू लागली. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश ब्रुअरींच्या किण्वन-टाक्यांत अटेम्परेटर नावाच्या नळ्यांची वेटोळी बसवलेली असत. त्यांतून गार पाणी खेळवले की बिअरची उष्णता काढून घेता येई, पण तोटी उघडायची केव्हा आणि बंद करायची केव्हा हे तापमापक घेऊन टाकीपाशी उभा राहणारा माणूसच ठरवत असे. सॉलफर्डच्या एका ब्रुअर कुटुंबात १८१८ मध्ये जन्मलेला जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याच वातावरणात वाढला. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचे प्रमाण ठरवणाऱ्या प्रयोगांत त्याने फॅरनहाइट अंशाचा २०० वा भाग वाचता येतो असा दावा केला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना तो अशक्य वाटला. ज्याचे बालपण आणि तारुण्य टाक्यांचे तापमान जपण्यात गेले त्याच्या हाताला ही बारकाई साधली असावी, असे विज्ञानाच्या इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले आहे. आज उष्णता ज्या एककात मोजतात त्याला या ब्रुअरपुत्राचे नाव आहे, ही गोष्ट बिअरच्या इतिहासात पुरेशा आदराने सांगितली जात नाही.

१८७० च्या दशकात चित्र झपाट्याने पालटले. म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे याने श्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने यांत्रिक शीतकरणाचे प्रयोग केले आणि लागर बिअर हिवाळ्याच्या व तळघरातील बर्फाच्या बंधनातून मोकळी होऊ लागली. १८७६ मध्ये लुई पाश्चर याचा बिअरवरील अभ्यासग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तयार केले. ते यीस्ट कार्ल्सबर्गचे मालक जे. सी. याकोबसन यांनी इतर ब्रुअरींनाही मुक्तपणे दिले. शुद्ध यीस्टमुळे तापमानाचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले: पूर्वी प्रत्येक बिघाडाचा दोष अज्ञात जंतूंवर ढकलता येई, आता एकच ज्ञात जीव एकाच ज्ञात तापमानाला कसा वागतो हे तपासता येऊ लागले, आणि एका-दोन अंशांचा फरक चवीत स्पष्ट दिसू लागला.

आपोआप चालणाऱ्या नियंत्रणाची परंपरा बिअरच्या बाहेरची आणि त्याहून जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने भट्टीची आणि अंडी उबवण्याच्या पेटीची उष्णता स्वतःहून सांभाळणारी योजना केली होती. अल्कोहोल तापून प्रसरण पावले की पारा वर सरके आणि भट्टीचा झरोका झाकला जाई. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेताना त्याला थर्मोस्टॅट असे नाव दिले. विद्युत थर्मोस्टॅटची कथा मात्र एका शाळेतील आहे. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक-शाळेत शिकवणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विद्युत खोली-थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले. त्यांचे उपकरण स्वतः काहीच उघडत वा मिटत नसे, ते तळघरातील बॉयलर सांभाळणाऱ्या कामगाराला इशारा देई आणि पुढचे काम तो करी. १८८५ मध्ये जॉन्सन यांनी मिलवॉकी येथे कंपनी काढली. मिलवॉकी हे जर्मन वंशाच्या ब्रुअरांचे अमेरिकेतील मोठे केंद्र होते, आणि पुढे सुमारे शतकानंतर जॉन्सन कंट्रोल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच कंपनीचे शीतगृहांसाठी बनवलेले नियंत्रक अमेरिकेतील हौशी ब्रुअरांच्या तळघरांत पोहोचले.

घरगुती रेफ्रिजरेटर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी मध्यमवर्गात पसरू लागला. जनरल इलेक्ट्रिकचा मॉनिटर टॉप १९२७ मध्ये बाजारात आला. त्यातील थर्मोस्टॅट वायू भरलेल्या बारीक नळीचा असतो: नळीच्या टोकाशी तापमान वाढले की आतला दाब वाढतो, त्याने एक धातूचा भाता फुगतो आणि स्विच दाबला जातो. ही रचना अत्यंत टिकाऊ आहे, परंतु ती दूध आणि मांस टिकवण्यासाठी, म्हणजे शून्याच्या थोडे वर, बेतलेली आहे. लागरला हवे असलेले १० अंश किंवा एलला हवे असलेले १८ अंश त्या बटणाच्या आवाक्यातच नव्हते. थंडीचे यंत्र स्वयंपाकघरात उभे होते, पण बिअरला हवे तेथे ते थांबवण्याचा उपाय त्याच्याबरोबर आला नव्हता.

तो उपाय शोधण्यास लोक प्रवृत्त झाले नाहीत याचे एक मोठे कारण कायदा हे होते. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यापासून घरी बिअर करण्यासाठी परवाना लागत असे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. अमेरिकेत १९२० मध्ये देशव्यापी दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये उठली, पण उठवताना घरगुती वाइनला मिळालेली मोकळीक घरगुती बिअरला मिळाली नाही, आणि पुढची ४५ वर्षे घरी बिअर करणे केंद्रीय कायद्याने गुन्हाच राहिले. लोक ती करत नव्हते असे नाही; मात्र गुन्हा असलेल्या छंदाची साधने उघडपणे विकता येत नाहीत, त्यातील चुकांवर जाहीर चर्चा होत नाही आणि एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली, त्यातील कॅलिफोर्नियाचे सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीने ही कोंडी फुटली. १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. त्याच १९७८ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन केली आणि झायमर्जी हे नियतकालिक सुरू केले. या नियतकालिकाचे महत्त्व पाककृतींपुरते नव्हते. तापमान सांभाळण्याच्या घरगुती युक्त्या प्रथमच छापील स्वरूपात, आकृत्यांसह, एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ लागल्या.

सुरुवातीच्या युक्त्यांत वीज फारशी नव्हती. किण्वनाचे भांडे पाण्याच्या टबात ठेवायचे, त्याभोवती ओले कापड गुंडाळायचे, पंखा लावायचा, दर काही तासांनी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलायच्या, असा तो प्रकार होता आणि निष्ठेने केल्यास तो उत्तम काम करी. १९९० च्या दशकात सन ऑफ फर्मेंटेशन चिलर या नावाने पसरलेल्या रचनेत जाड फोमच्या पाट्यांची पेटी असे. एका कप्प्यात बिअर, दुसऱ्यात बर्फाची भांडी, आणि दोहोंमध्ये एक लहान पंखा, जो भिंतीवर लावायच्या साध्या घरगुती थर्मोस्टॅटच्या हुकमाने फिरे. या पेटीत कॉम्प्रेसर नव्हता, मिळणारी थंडी बर्फाएवढीच होती. तरी तिच्यात निर्णय माणसाच्या हातून उपकरणाच्या हाती गेला होता, आणि इतिहासाच्या दृष्टीने हेच तिचे मोल आहे.

जुना रेफ्रिजरेटर किंवा आडवा डीप फ्रीझर वापरायचा ठरल्यावर मात्र विद्युत-परिपथाला पर्याय उरला नाही. यंत्राच्या आतील थर्मोस्टॅटला हात न लावता त्याच्या वीजपुरवठ्यातच एक स्विच घालायचा आणि तो स्विच बिअरच्या तापमानाने चालवायचा, ही मूळ कल्पना होती. तापमानाचे विजेत रूपांतर करण्यासाठी दोन प्रकारचे स्वस्त संवेदक उपलब्ध होते. थर्मिस्टर हा तापमान वाढले की विद्युतरोध घटणाऱ्या पदार्थाचा मणी असतो. मायकेल फॅरडे याने सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा गुण १८३३ मध्येच नोंदवला होता, पण त्याचा रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात बदलत नसल्याने हौशी माणसाला कोष्टक हाताशी ठेवावे लागे. नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम ३५ या चकतीने ही अडचण दूर केली: ती दर अंशाला १० मिलिव्होल्ट देते, म्हणजे २० अंशांना बरोबर २०० मिलिव्होल्ट, आणि ते साध्या मल्टिमीटरवर वाचता येतात. हा व्होल्टेज कम्पॅरेटर नावाच्या परिपथाला द्यायचा, दुसऱ्या बाजूने फिरत्या बटणाने ठरवलेला व्होल्टेज द्यायचा, आणि दोहोंत कोणता मोठा आहे यावरून रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, चालू वा बंद करायचा. एवढ्या भागांत नियंत्रक पुरा होतो, निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात असा नियंत्रक जोडला की ठरवलेल्या तापमानापाशी रिले तडतडू लागतो, कारण संवेदकाच्या संकेतात थोडी थरथर नेहमीच असते आणि कम्पॅरेटर प्रत्येक थरथरीला नवा निर्णय समजतो. यावरचा उपाय १९३४ मध्येच सापडला होता. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्क्विड या समुद्रजीवाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या ओटो श्मिट या विद्यार्थ्याने असा परिपथ रचला की जो एकदा चालू झाला की संकेत बराच खाली उतरल्याशिवाय बंद होत नाही. १९३८ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि आज श्मिट ट्रिगर म्हणून ओळखला जातो. चालू होण्याची आणि बंद होण्याची सीमा वेगवेगळी ठेवण्याच्या या गुणाला हिस्टेरेसिस म्हणतात. २१ अंशांना कॉम्प्रेसर सुरू आणि २० अंशांना बंद, असे एका अंशाचे अंतर ठेवले की रिले शांत होतो. हे अंतर मोठे ठेवले तर बिअरचे तापमान हेलकावते, लहान ठेवले तर कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होऊन लवकर निकामी होतो. प्रत्येक घरगुती ब्रुअरला आपल्या फ्रिजपुरता यातला मध्य स्वतः शोधावा लागे.

कॉम्प्रेसरची आणखी एक अट होती, जी अनेकांना नुकसान सोसून कळली. तो थांबतो तेव्हा त्याच्या एका बाजूला शीतद्रव्याचा दाब जास्त आणि दुसरीकडे कमी असतो, आणि हे दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटर फिरू शकत नाही, नुसती मोठा प्रवाह ओढून तापते. म्हणून प्रत्येक बंदनंतर तीन ते पाच मिनिटे सक्तीची विश्रांती देणारा काळमापक परिपथात घालावा लागला. ओलसर तळघरात, पाण्याच्या आणि बिअरच्या सान्निध्यात, घरच्या मुख्य विजेच्या तारा उघड्या पेटीत हाताळण्याचा धोकाही लहान नव्हता. जमिनीत झिरपणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारे सॉकेट वापरण्याचा आग्रह या छंदातील जाणत्यांनी सातत्याने धरला, आणि तो योग्यच होता.

धान्य मुरवण्याच्या टप्प्याचा प्रश्न वेगळ्या वळणाचा होता. तेथे बीटा-अमायलेज हे विकर ६० ते ६५ अंशांच्या आसपास आणि अल्फा-अमायलेज ७० च्या जवळपास जोमाने चालते. पहिल्याला वाव दिला तर बिअर हलकी व कोरडी होते, दुसऱ्याला दिला तर भरीव, आणि हा सगळा फरक काही अंशांच्या पट्ट्यात घडतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉडनी मॉरिस या हौशी ब्रुअरने मांडलेल्या रचनेत काढा पंपाने उपसून विजेच्या हीटरवरून वाहवला जाई आणि पुन्हा धान्यावर सोडला जाई. रिम्स या आद्याक्षरी नावाने ती प्रसिद्ध झाली. येथे नुसते चालू-बंद पुरत नाही, कारण हीटर पूर्ण ताकदीने चालला तर नळीतील काढा करपतो आणि बंद केल्यावरही साठलेली उष्णता तापमान पुढे ढकलत राहते. म्हणून हौशी मंडळी उद्योगातील पीआयडी नियंत्रणाकडे वळली. लक्ष्यापासून आत्ता किती अंतर आहे, ते अंतर किती काळ साचत आले आहे आणि ते किती वेगाने बदलते आहे, या तीन गोष्टींची बेरीज करून हे नियंत्रण हीटरची ताकद ठरवते. त्याची उपपत्ती रशियात जन्मलेल्या निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंबंधी मांडली होती, अनुभवी सुकाणूधारी नुसते दिशेतील अंतर पाहत नाही तर त्याचा कल आणि वेगही पाहतो या निरीक्षणावरून. आणि १९४२ मध्ये झीग्लर व निकोल्स या दोन अभियंत्यांनी या तीन घटकांची मूल्ये प्रयोगाने ठरवण्याची कृती दिली. युद्धनौकेच्या सुकाणूसाठी जन्मलेले गणित अशा रीतीने गॅरेजमधील ४० लिटरच्या पातेल्यापर्यंत आले.

किण्वनाच्या नियंत्रकाला खरी सार्वत्रिकता मिळाली ती चिनी उद्योगामुळे. एसटीसी-१००० हा दुकानांतील शीतकपाटांसाठी बनवलेला लहानसा नियंत्रक २०१० च्या सुमारास वीसेक डॉलरांत जगभर मिळू लागला. त्यात थर्मिस्टरचा संवेदक, एक थंड करणारा आणि एक गरम करणारा असे दोन रिले, ०.३ ते १० अंशांपर्यंत ठरवता येणारे हिस्टेरेसिस आणि १ ते १० मिनिटांचा कॉम्प्रेसर-विलंब, असे सारे काही होते. म्हणजे हौशी लोकांनी वीस वर्षांत एकेक करून ज्या अडचणी ओळखल्या होत्या त्या सगळ्यांचे उत्तर एका मुठीएवढ्या डबीत होते. तो फक्त सेल्सिअसमध्ये बोलत असे, आणि फॅरनहाइटवर वाढलेल्या अमेरिकी ब्रुअरांनी तेही स्वीकारले. डबी उघड्या तारांच्या टोकांसह येत असल्यामुळे जुळणी मात्र घरीच करावी लागे. अमेरिकी भिंतीतील जोड-सॉकेटच्या दोन भागांना जोडणारी पितळी पट्टी पकडीने तोडायची, एक भाग थंडीच्या रिलेला आणि दुसरा उष्णतेच्या रिलेला जोडायचा, एकात फ्रिजचा आणि दुसऱ्यात लहान हीटरचा प्लग लावायचा, ही कृती हजारो घरांत जवळपास एकसारखी झाली. पुढे या डबीतील मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चकतीवरचा लहान संगणक, कोणता आहे हे ओळखून एका हौशी प्रोग्रामरने त्यासाठी संपूर्ण नवी आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना खुली केली. मूळ आज्ञावली एकदा पुसली की परत मिळत नसे, तरी अनेकांनी ती जोखीम पत्करली, कारण नव्या आज्ञावलीत तापमानाचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने ठरवता येई: अमुक तास १० अंश, मग हळूहळू १६, मग शून्याजवळ.

दुसरा प्रवाह खुल्या संगणक-फलकांचा होता. इटलीतील इव्हरेया येथील संस्थेत २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर किमतीत आलेला ब्रिटिश रास्पबेरी पाय, यांच्यामुळे नियंत्रणाचा निर्णय तारांच्या जोडणीत न राहता लिहिलेल्या ओळींत आला. संवेदकही बदलला, डीएस१८बी२० हा अंकीय संवेदक तापमान थेट आकड्यांत, ०.०६२५ अंशांच्या पायरीने, कळवतो आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे एकाच तारेवर अनेक संवेदक लावता येतात. याच २०१२ मध्ये नेदरलँड्समधील एल्को याकोब्स यांनी दोन्ही फलक एकत्र वापरणारा ब्रूपाय हा प्रकल्प पुढे आणला. त्याची थोरवी त्याच्या विचारात आहे आणि ती समजण्यासाठी जुन्या नियंत्रकांचे मूळ दुखणे पाहिले पाहिजे.

फ्रिजमधील हवा काही मिनिटांत थंड होते, २० लिटर बिअरला मात्र काही तास लागतात. संवेदक हवेत ठेवला तर कॉम्प्रेसर शिस्तीत चालतो, पण जोमाने आंबणारी बिअर हवेपेक्षा कित्येक अंश वर राहते आणि नियंत्रकाला त्याचा पत्ताही नसतो. संवेदक बिअरमध्ये सोडला तर बिअर लक्ष्याला पोहोचेपर्यंत कॉम्प्रेसर चालूच राहतो, तोवर हवा गोठणबिंदूजवळ गेलेली असते, आणि कॉम्प्रेसर थांबल्यावरही ती हवा बिअरला लक्ष्याखाली ओढत नेते. मग हीटर चालू होतो, तोही पुढे जातो, आणि दोन यंत्रे एकमेकांविरुद्ध वीज जाळत राहतात. भांड्याच्या बाहेरच्या भिंतीला संवेदक चिकटवून त्यावर फोमचा तुकडा बांधण्याची तडजोड बहुतेकांनी स्वीकारली आणि ती बऱ्यापैकी चालते. ब्रूपायने दोन संवेदक घेतले, एक बिअरसाठी आणि एक हवेसाठी, आणि निर्णयाची दोन पदरी साखळी केली: बिअरच्या तापमानावरून पीआयडीने हवेचे तापमान किती असावे हे ठरवायचे, आणि हवेवरून कॉम्प्रेसर चालवायचा. त्यापुढे, कॉम्प्रेसर थांबल्यानंतर हवा आणखी किती खाली घसरली हे प्रत्येक वेळी नोंदवून त्यावरून पुढच्या खेपेस किती आधी थांबायचे याचा अंदाज तो स्वतः सुधारत जाई. अटेम्परेटरच्या तोटीपाशी उभा असलेला जुना कामगार अनुभवाने जे शिकत असे, ते आता फ्रिजच्या पाठीला लटकलेली पेटी शिकू लागली होती, आणि तिची आज्ञावली कोणालाही वाचता येत होती.

महाराष्ट्रात या छंदाला कायद्याने वाट नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना दारू तयार करणे हा गुन्हा आहे, आणि परवानाधारक लहान ब्रुअरी पुण्या-मुंबईत एकविसाव्या शतकातच सुरू झाल्या. तेच नियंत्रक मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सर्रास मिळतात आणि येथे त्यांचा उपयोग ३७.५ अंशांवर कोंबडीची अंडी उबवण्याच्या घरगुती पेट्यांत होतो. संवेदक कोठे ठेवावा, दोन सीमांत किती अंतर ठेवावे, हे प्रश्न कुक्कुटपालकालाही तसेच पडतात.

२०१० च्या दशकाच्या मध्यापासून दोन सॉकेटांसह तयार येणारे, एकही तार न जोडता प्लगमध्ये लावायचे नियंत्रक बाजारात आले आणि पट्टी तोडून सॉकेट जोडण्याची गरज बहुतेकांपुरती संपली. २०१३ मध्ये मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनीही घरगुती बिअरला मान्यता दिली, तोवर अमेरिकेत हा छंद शिकणाऱ्याला तापमान-नियंत्रण ही प्राथमिक बाब म्हणून सांगितली जाऊ लागली होती. स्वतः उपकरण बनवणाऱ्यांचे लक्ष त्यामुळे पुढच्या प्रश्नाकडे वळले. जर्मनीत सुरू झालेल्या आयस्पिंडल या खुल्या प्रकल्पात बिअरवर तरंगणाऱ्या नळकांड्यात कल मोजणारा संवेदक, तापमानाचा संवेदक आणि वाय-फाय असलेली ईएसपी८२६६ ही चकती असते. साखर संपत जाते तशी बिअरची घनता घटते, नळकांडे अधिकाधिक उभे होते, आणि त्या कलावरून किती साखर उरली हे समजते. हा आकडा नियंत्रकापर्यंत पोहोचवला की तापमान दिवसांच्या मोजणीवर बदलण्याची गरज राहत नाही. लागरमधील बहुतांश साखर संपल्याचे कळताच नियंत्रक तापमान काही अंशांनी चढवतो, यीस्टला डायअ‍ॅसिटिल शोषून घ्यायला दोन-तीन दिवस देतो, आणि त्यानंतरच कॉम्प्रेसरला बिअर गार करू देतो.